कुपवाडचा पोरगा, टूरिंग कारची सीट आणि तीस गुंठे रान

सांगलीत विश्रामबागेत माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांची कामं माझ्याकडे जास्त. त्यातल्याच एका घराचं आणि त्या घरातल्या, गाड्यांच्या शर्यतीत धावणाऱ्या पोराचं हे प्रकरण. घरच्यांना विचारून लिहितोय, नावं मात्र देत नाही. आकडे त्यांच्याच वहीतले आहेत.

गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात पोराचे वडील माझ्यासमोर एक प्लास्टिकची फाइल ठेवून बसले. फाइलमध्ये दोनच कागद होते. एक मिरज तालुक्यातल्या तीस गुंठ्यांचा सातबारा. दुसरं युरोपातल्या एका टूरिंग कार मालिकेच्या पाच फेऱ्यांचं कोटेशन: ९०,००० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने ८० लाखांच्या पुढे. गाडीच्या नुकसानीची अनामत वेगळी. "सर, विकू का?" एवढंच त्यांनी विचारलं. मुलगा बाहेर मोटरसायकलवर बसून होता, आत आला नाही.

नुसता पैशाचा प्रश्न असता तर मी तिथल्या तिथे नको म्हटलं असतं. पण या पोराची दोन वर्षं मी जवळून पाहिली होती. तो खरंच चांगली गाडी चालवतो, आणि ते सिद्ध करणारे कागदही माझ्याकडे होते. म्हणून पंधरा दिवस मागून घेतले.

आधी घराविषयी. वडिलांचं मशीन शॉप आहे: दोन व्हीएमसी आणि तीन सीएनसी, म्हणजे धातू कापून भाग घडवणारी संगणकावरची मशीन, नऊ कामगार, पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या भागांचं जॉबवर्क. आजोबा गावी असतात. त्यांच्याकडे शर्यतीची बैलजोडी होती. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली तेव्हा त्यांनी जड मनाने जोडी विकली. नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढे मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला, त्या दिवशी म्हाताऱ्याने गावात पेढे वाटले. सांगायचं कारण, या घरात शर्यत म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काही क्षणांच्या पळण्यासाठी वर्षभर पेंड, खुराक आणि सराव करावा लागतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे.

पोरगा कार्टमध्ये, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीत, बसला तोच सतराव्या वर्षी, कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झालेल्या आहेत, आणि फोक्सवॅगनच्या अमियो कपमध्ये धावलेला ध्रुव मोहिते कोल्हापूरचाच. कुपवाडहून पन्नासेक किलोमीटरवर अशी सोय असणं हे आपल्या भागाचं भाग्यच म्हणायला हवं. तरी सतरा हे वय या खेळात उशिराचं. फॉर्म्युला गाड्यांकडे जाणारी मुलं सातव्या-आठव्या वर्षीच कार्टमध्ये बसतात. त्या रांगेत याचा नंबर लागणार नाही हे स्पष्ट होतं.

म्हणून टूरिंग कार. वाचकांपैकी अनेकांना रेसिंग म्हटलं की उघड्या चाकांची फॉर्म्युला गाडीच डोळ्यांपुढे येते. टूरिंग कार म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या सेदान किंवा हॅचबॅकचंच शर्यतीसाठी केलेलं रूप. आतल्या गाद्या, मागची सीट, कार्पेट सगळं काढून टाकतात. गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, म्हणजे रोल केज, वेल्ड करतात. एकच बकेट सीट, सहा पट्ट्यांचा बेल्ट, आग विझवण्याची यंत्रणा. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धेत इंडियन टूरिंग कार्स हा वरचा वर्ग, त्याखाली इंडियन ज्युनियर टूरिंग कार्स आणि सुपर स्टॉक. शर्यती प्रामुख्याने चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर आणि कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होतात. मिरजेहून रेल्वेने बेंगळुरू आणि तिथून बसने चेन्नई, हा या पोराचा दोन वर्षांचा ठरलेला रस्ता.

उशिरा सुरुवात करणाऱ्याला टूरिंग कार मोठ्या मनाने जागा देते. इटलीचा गाब्रिएले तारक्विनी २००९ मध्ये ४७ व्या वर्षी टूरिंग कारचा जागतिक विजेता झाला आणि २०१८ मध्ये ५६ व्या वर्षी डब्ल्यूटीसीआर ही टूरिंग कारची जागतिक मालिका जिंकला. इथे नुसती चपळाई पुरत नाही. गाड्या एकमेकींना खेटून धावतात, आरसे मोडतात, बंपर घासतात. ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत एका दिवसात तीन शर्यती असतात, आणि तिसऱ्या शर्यतीत पुढच्या काही गाड्यांचा क्रम उलटा लावतात. सकाळी गाडी फोडून ठेवली तर दुपारी धावायचं कशात? त्यामुळे गाडी सांभाळून, टायर राखून, गर्दीतून वाट काढणारा माणूस तिथे वर्षानुवर्षं टिकतो.

आता पहिला हंगाम. एका कंपनीच्या वन-मेक मालिकेत त्याची निवड झाली. सगळ्यांना सारख्या गाड्या, गाड्या सांभाळणारे मेकॅनिक मालिकेचे, चालकाने शुल्क भरायचं आणि हेल्मेट घेऊन हजर व्हायचं. आम्ही बसून अंदाजपत्रक केलं होतं. प्रवेश शुल्क ३,७५,०००. हेल्मेट, आग न पकडणारा सूट, मान सांभाळणारं हॅन्स, बूट, हातमोजे मिळून १,६०,०००. प्रवास आणि राहणं ९६,०००. कार्टिंगचा सराव ५४,०००. एकूण ६,८५,०००. प्रत्यक्षात हंगाम संपला तेव्हा वहीत ८,९७,००० होते. वरचे २,१२,००० नुकसानीचे. त्या मालिकेत गाडीला झालेली मोडतोड चालकाच्या खात्यावर लागते, आणि आमच्या अंदाजपत्रकात तो रकानाच नव्हता. ही चूक माझी. तीस वर्षं हिशेब लिहून मी घसारा विसरलो, याची मला आजही चुटपुट लागते.

बिलं पाहून वडील हबकले. पोरगा मान खाली घालून म्हणाला, "काका, रेसिंगमध्ये होतंच असं." मी त्याला सांगितलं, होत असेल, पण कशामुळे होतं ते लिहून आण. चार दिवसांनी त्याने वहीचं एक पान आणलं. सात नोंदी. दोन वेळा मागून दुसऱ्याने धडक दिलेली. एकदा ओल्या ट्रॅकवर तो एकटाच घसरलेला. उरलेल्या चार वेळा ब्रेक मारून वळणात शिरताना त्याची गाडी पुढच्या किंवा बाजूच्या गाडीला लागलेली. आणि त्या चारही वेळा शर्यतीच्या पहिल्या दोन लॅपमध्ये.

ते पान मी अजून जपून ठेवलंय. याच्या कारकिर्दीची खरी सुरुवात मी त्या पानापासून धरतो.

मालिकेच्या इंजिनिअरने त्याला गाडीचा डेटा दाखवला. शर्यतीच्या गाडीत ब्रेकचा दाब, थ्रॉटल, स्टिअरिंगचा कोन, वेग या सगळ्याची नोंद होत असते. लॅपटॉपवर दोन रेघा होत्या, एक पुढच्या चालकाच्या ब्रेकची, एक याच्या. पुढच्याची रेघ भिंतीसारखी सरळ वर चढलेली, मग वळणात शिरताना उताराच्या घाटासारखी हळूहळू खाली आलेली. याची रेघ उलटी: आधी सावकाश चढ आणि वळणाच्या तोंडाशी सगळ्यात उंच. म्हणजे ब्रेकला पाय तो उशिरा लावत होता, तोही आपण रस्त्यावर लावतो तसा, हलका सुरू करून नंतर वाढवत. रस्त्यावर ती चांगली सवय आहे. शर्यतीत मात्र तिने घात केला.

याचं कारण टायरमध्ये आहे. या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. ओढायचं काम पुढच्या टायरचं, वळवायचं पुढच्या टायरचं, आणि ब्रेकच्या वेळी वजन पुढे येत असल्याने थांबवायचंही बरंचसं त्यांचंच. टायरची पकड मोजकी असते. ती सगळी थांबवण्यात खर्च झाली की वळवायला काही उरत नाही, मग स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. पहिल्या दोन लॅपमध्ये टायर थंड असतात, पकड आणखी कमी. चेन्नईला मुख्य सरळ पट्ट्यानंतर सी-वन नावाचं वेगवान उजवं वळण आहे. तिथे वीसेक गाड्या थंड टायरवर एकदम शिरतात. त्या क्षणी त्याचा पाय नेमका सगळ्यात जास्त दाबलेला असायचा.

सी-वनचा सराव कुपवाडमध्ये बसून कसा करायचा? पोराने शॉपच्या पोटमाळ्यावर सिम्युलेटर मांडला. स्टिअरिंग जुनं विकत घेतलं, पण पेडल स्वतः केलं. दहा मिलिमीटरची साध्या पोलादाची (एमएस) प्लेट व्हीएमसीवर मारली, आर्म वळवले, बुशिंग बसवलं आणि मागे लोडसेल लावला. दुकानात मिळणारी स्वस्त पेडलं पाय किती खाली गेला ते मोजतात. लोडसेल पाय किती जोराने दाबतोय ते मोजतो. रेसच्या गाडीत अनेकदा पायाचा जोर वाढवून देणारा ब्रेक बूस्टर काढलेला असतो, त्यामुळे पेडल दगडासारखं घट्ट लागतं आणि अंदाज घ्यायचा तो फक्त जोराचा. पहिली फ्रेम दाबाने वाकली. वडिलांनी रात्री नऊ वाजता शॉप पुन्हा उघडून तिला आडवा टेकू वेल्ड करून दिला. मी त्या रात्री तिथे होतो. बाप वाकून वेल्डिंग करतोय, पोरगा टॉर्च धरून उभा, आणि दोघांत चर्चा चाललीय ती पायाला किती किलो जोर लागतो याची. वडील म्हणाले, "आधी रफ कट जोरात घ्यायचा, माप जवळ आलं की हात हलका करायचा. लेथवर तुला हेच तर शिकवलं." पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हां, तसंच आहे की हे."

त्या हिवाळ्यात तो दुसरी पाळी व्हीएमसीवर करायचा आणि रात्री अकरा ते साडेबारा पेडलवर असायचा. पहिला दाब साठ किलोचा, मग वळणात पाय सोडत जायचं. रोज तेच.

दुसऱ्या हंगामात शुल्क ३,७५,०००, प्रवास १,०२,०००, सराव ८०,०००, नुकसान ३१,०००. एकूण ५,८८,०००. दोन हंगाम मिळून १४,८५,०००. वडिलांनी सुरुवातीलाच पंधरा लाखांची मर्यादा घातली होती, त्यात तो पंधरा हजार राखून बसला. विजेतेपद मिळालं नाही. दोनदा तिसरा आला, बहुतेक वेळा चौथा ते सातवा. पण जितक्या शर्यतींना उभा राहिला तितक्या सगळ्या त्याने पूर्ण केल्या. इंजिनिअर मंडळी त्याच्याविषयी एकमेकांत बोलायला लागली होती. या क्षेत्रात ती फार मोठी मिळकत आहे.

प्रायोजकांचं थोडक्यात सांगतो. सांगलीतल्या एका फाउंड्रीवाल्याने आणि एका हळदीच्या व्यापाऱ्याने पन्नास-पन्नास हजार देऊन गाडीवर स्टिकर लावले. त्यांनी ते प्रेमापोटी दिले आणि मी ते वहीत वेगळे लिहिले, खर्चातून वजा धरले नाहीत. चेन्नईच्या ट्रॅकवर कोणी त्यांचं नाव वाचून हळद घ्यायला येणार नव्हतं. असे पैसे दरवर्षी मागता येत नाहीत, आणि मागू पण नयेत.

आणि मग ते कोटेशन आलं, एका मध्यस्थामार्फत. गाडी टीसीआर प्रकारची. हे नियम २०१५ पासून जगभर चालतात: दोन लिटरचं टर्बो इंजिन, पुढची चाकं ओढणारी, साधारण साडेतीनशे अश्वशक्ती. अशी एक गाडीच लाखभर युरोच्या पुढे जाते. एखाद्या संघाची गाडी भाड्याने घेऊन, म्हणजे सीट विकत घेऊन, पाच फेऱ्या धावायच्या असा प्रस्ताव होता. पोराला जायचं होतं. वीस वर्षांचं पोर, का नाही वाटणार?

त्याने मला दोन नावं ऐकवली. पहिलं अँडी प्रिओचं. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी या छोट्या बेटाचा मुलगा. बेटावर सर्किट नाही. त्याने घर विकलं, बायकोसह कॅरव्हानमध्ये राहिला आणि २००५, २००६, २००७ असा सलग तीन वर्षं जागतिक टूरिंग कार विजेता झाला. सांगलीत तरी सर्किट कुठे आहे, हा त्याचा मुद्दा. दुसरं ब्रिटनच्या मॅट नीलचं. त्याच्या वडिलांचा अलॉय व्हील बनवायचा कारखाना आणि घरचाच रेसिंग संघ. १९९९ मध्ये डॉनिंग्टनला कंपन्यांच्या संघांना हरवून शर्यत जिंकणारा स्वतंत्र चालक म्हणून त्याने अडीच लाख पौंडांचं बक्षीस नेलं. पुढे ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेची २००५ आणि २००६ ची विजेतेपदं घरच्या संघातून मिळवली.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला दोन्ही फार आवडतात. पण मी त्याला त्या पुन्हा वाचायला लावल्या. प्रिओ सर्किटवर उतरला त्याआधी १९९५ मध्ये ब्रिटनचा हिलक्लाइंब, म्हणजे चढाच्या रस्त्यावरच्या शर्यतींचा, विजेता झालेला होता. त्याने आणि बायकोने स्वतःचं घर विकलं, आजोबांचं रान नव्हे. नीलच्या घरच्या पैशातून कार्यशाळा, माणसं आणि संघ उभा राहिला. हंगाम हरला तरी दुसऱ्या दिवशी ते सगळं जागेवर असायचं. आपल्या कोटेशनमध्ये पाच फेऱ्या होत्या, पाचही ट्रॅक न पाहिलेले, सरावाचा एकच दिवस. नवा ट्रॅक कळेपर्यंत शनिवार संपतो. पाचवी फेरी झाली की हातात काय राहणार? बाराव्या-पंधराव्या क्रमांकाचे काही निकाल आणि फोटो. तेवढ्यावर पुढच्या वर्षी त्याला फुकट सीट देणारा संघ मला कुठे दिसेना.

मी, वडील आणि पोरगा गावी गेलो. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग नातवाकडे बघून म्हणाले, "जोडी पाळली तवा रान होतं म्हणून पाळली. रान गेलं तर वैरण कुठनं आणणार रं?" पोरगा उठून गोठ्याकडे गेला. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाला, "काका, त्यांना मेल करतो, यंदा जमणार नाही म्हणून." मी त्याला नको म्हणायला सांगितलं नव्हतं. मला अजूनही बरं वाटतं की तो निर्णय त्याचा होता.

नको म्हटल्यावर काय, हा प्रश्न नको म्हणण्याइतकाच अवघड होता. वन-मेकमध्ये तिसरं वर्ष करण्यात अर्थ नव्हता. पोराने तामिळनाडूतल्या एका छोट्या संघाला पत्र लिहिलं. त्यात निकालांचा तक्ता होता, नुकसानीचा दोन वर्षांचा तक्ता होता, आणि शॉपमधल्या मशीनची यादी होती. संघमालकाने निकालांबद्दल काही विचारलं नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, ब्रेकचे कॅलिपर ब्रॅकेट बनवून द्याल का? ड्रॉइंग आलं, ७०७५ अॅल्युमिनियममध्ये चार नग मारले, मापात पास झाले. इंडियन ज्युनियर टूरिंग कार्समध्ये त्याला निम्म्या खर्चात सीट मिळाली. उरलेला निम्मा भाग ब्रॅकेट, स्पेसर आणि शर्यतीच्या आदल्या दोन दिवसांच्या कामातून फिटतो.

मिळकतीचं दुसरं टोक त्याला अनपेक्षितपणे सापडलं. गाड्यांच्या कंपन्या ग्राहकांसाठी ट्रॅकवर चालवायचे दिवस ठेवतात, तिथे शेजारी बसून शिकवणारा अनुभवी चालक लागतो. गेल्या वर्षी असे एकोणीस दिवस मिळाले, दिवसाला सात ते दहा हजार. जगभरात टूरिंग कारचे बरेच चालक असंच शिकवून घर चालवतात, त्यात कमीपणा काही नाही. शिवाय एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांच्या ड्रायव्हरांसाठी त्याने वर्ग घेतले. गळीत हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मागे दिवा ना रिफ्लेक्टर असे ट्रॅक्टर आपल्या रस्त्यांवर असतात. त्यांच्यामागे किती अंतर ठेवायचं, एकदम ब्रेक लागला तर पाय कसा लावायचा, एबीएस थरथरलं तरी पाय का सोडायचा नाही, हे तो शिकवतो. त्या वर्गाला मी स्वतः बसलो होतो. पंचावन्न वर्षांचा एक ड्रायव्हर शेवटी उठून म्हणाला, "पोरा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं." त्यावर पोरगा लाजून हसला. एखादी शर्यत जिंकल्यावर तो असाच हसेल असं मला वाटलं.

एक गोष्ट त्याच्याकडून मी पहिल्याच दिवशी कबूल करून घेतली होती: बायपासवर किंवा घाटात कधीही वेगाची हौस करायची नाही. त्याच्या बरोबरीची काही पोरं रात्री ते करतात. त्यातला एक आज काठी घेऊन चालतो. याने शब्द पाळलाय.

तिसऱ्या हंगामात पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतला क्रमांक, एकदाच, पण ज्युनियर वर्गाच्या तक्त्यात तो पहिल्या सहांत राहिला. शेवटच्या फेरीनंतर रात्री फोन आला. क्रमांकाच्या आधी त्याने सांगितलं, "काका, गाडीवर ओरखडासुद्धा नाही."

आता संघाने पुढच्या हंगामासाठी वरच्या वर्गातली गाडी देऊ केलीय. त्याच्या वाट्याला नऊ लाख येतात. शिकवण्याचे, ब्रॅकेटचे आणि वडिलांनी ठरवून दिलेले मिळून ६,२०,००० जमतात. उरलेल्या २,८०,००० साठी परवा आम्ही तिघं बसतोय. वडिलांचा विचार जुनी सीएनसी विकायचा आहे. माझं मत, शिकवण्याचे दिवस एकोणीसवरून चाळीस होतात का ते आधी पाहावं. पोराने दोन टायर कंपन्यांना आणि एका ऑइल कंपनीला पत्रं टाकलीत, सोबत तीन हंगामांचा नुकसानीचा तक्ता जोडून. तीस गुंठ्यांत यंदा ऊस आहे, आणि आजोबा म्हणतात तोडणी चेन्नईची पहिली फेरी व्हायच्या आत उरकेल.